सहाजणींचा हिवाळा

मक्याची कापणी संपली, जमीन गोठली, की आयोवाच्या खेड्यांत मुलींच्या बास्केटबॉलचा मोसम सुरू व्हायचा. नोव्हेंबरात सुरुवात आणि मार्चच्या मध्याला राजधानी डे मॉइनमध्ये शेवट. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या जिममध्ये दिवे लागायचे. आधी मुलींचा सामना, मग मुलांचा. जुनी माणसं सांगतात, की मुलींचा सामना संपला की निम्मी मंडळी कोट चढवून घरी निघायची. मागे राहायचे ते बहुधा मुलांचे आईबाप. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत शाळकरी मुलींना चुरशीचा खेळ खेळायला मिळतच नव्हता, त्या काळातली ही हकिगत आहे.

मला ती सांगितली आमच्या शेजारच्या बाईंनी. १९६७-६८ च्या मोसमात त्या शाळेच्या शेवटच्या वर्गात होत्या आणि गार्ड म्हणून खेळत होत्या. आम्ही त्यांच्या शेजारी राहायला आलो तेव्हा त्यांनी यातलं काही बोलून दाखवलं नव्हतं. बोलायला लागल्या त्या माझी आई आल्यावर. २०२४ च्या जानेवारीत आई माझ्या बाळंतपणासाठी इथे आयोवात आली. बाहेर बर्फ, घरात तान्हं बाळ, बोलायला माणूस नाही. शेजारच्या बाई रोज दुपारी सूप किंवा पाव घेऊन यायच्या. आईचं इंग्रजी अडखळतं, बाईंना मराठीचा गंध नाही, मी बाळ मांडीवर घेऊन दोघींच्या मधे दुभाषी. दोघी एकाच वयाच्या. बोलता बोलता आईने सांगितलं, की ती कराडजवळच्या आमच्या गावच्या शाळेकडून खो-खो खेळायची. त्यावर बाई उठल्या, घरी गेल्या आणि कात्रणांची एक जाडजूड वही घेऊन परत आल्या. त्यानंतरच्या कितीतरी दुपारी त्या वहीवर गेल्या.

तो खेळ आज शाळांत कुठेच खेळला जात नाही, म्हणून त्याचे नियम नीट सांगायला हवेत. प्रत्येक संघात सहाजणी. तीन फॉरवर्ड, तीन गार्ड. मैदानाच्या मधोमध एक रेघ. तुमच्या तीन फॉरवर्ड रेघेच्या एका बाजूला, समोरच्या संघाच्या तीन गार्डसमोर; तुमच्या तीन गार्ड दुसऱ्या बाजूला, त्यांच्या फॉरवर्डसमोर. ती रेघ कुणीही ओलांडायची नाही. चेंडू हातात आला की जमिनीवर फक्त दोनदा आपटायचा. मग पास द्यायचा नाहीतर बास्केटकडे फेकायचा. बास्केट झाली की चेंडू मधल्या वर्तुळात दुसऱ्या संघाच्या फॉरवर्डकडे जायचा आणि खेळ एकदम त्या अर्ध्यात सुरू व्हायचा. म्हणजे कुठल्याही क्षणी सहा मुली जीव तोडून खेळताहेत आणि सहा रेघेपाशी उभ्या राहून बघताहेत. दोन टप्प्यांत संपणारा चेंडू असल्यामुळे पास विजेसारखे चालायचे, गुण भराभर वाढायचे. एकेका सामन्यात एकटीने चाळीस-पन्नास गुण करणं फारसं नवलाचं नव्हतं.

आणि गुण करायच्या त्या फक्त फॉरवर्ड. गार्डच्या अर्ध्यात तिने फेकावी अशी बास्केटच नसायची. गार्डवर फाऊल झाला तरी त्याचा फ्री थ्रो पलीकडच्या अर्ध्यात तिची फॉरवर्ड घ्यायची.

हे आईला समजावून सांगितल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “त्यांना विचार, अख्ख्या शाळेच्या वर्षांत एकदाही बॉल टाकला नाही?”

“सरावात टाकला,” बाई म्हणाल्या. “सामन्यात कधीच नाही.”

वहीतली कात्रणं त्यांनी उघडून दाखवली. सामन्याच्या तक्त्यात फॉरवर्डच्या नावापुढे बास्केट, फ्री थ्रो, एकूण गुण. गार्डच्या नावापुढे फक्त फाऊल. चार वर्षं खेळलेल्या मुलीची कागदावर उरलेली नोंद म्हणजे तिने केलेल्या चुका. पण बाईंच्या बोलण्यात त्याचा सल नव्हता. शेजारच्या तालुक्यातली एक उंच फॉरवर्ड सामन्यामागे चाळीसवर गुण करायची, तिला आपण एकोणीसवर ठेवलं, हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं की छप्पन्न वर्षं मधे गेल्याचं जाणवू नये. त्या मुलीच्या डाव्या पायाकडे बघायचं, असं त्यांच्या कोचने शिकवलं होतं. फेकण्याआधी ती डावा पाय किंचित मागे घ्यायची. आईला हे ताबडतोब पटलं. ती म्हणाली, “आमच्यातही तसंच. गडी कुणी मारला ते लिहितात. त्याच्याआधी वेळेवर खो कुणी दिला ते कोण लिहितो?” मी ते इंग्रजीत सांगितलं आणि बाईंनी आईचा हात हातात घेतला.

हा अर्ध्या मैदानाचा खेळ आयोवाने शोधलेला नव्हे. जेम्स नायस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथे बास्केटबॉल मांडला. जवळच नॉर्थॅम्प्टनच्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन शिकवत होत्या. त्यांनी तो लगेच आपल्या विद्यार्थिनींना शिकवला, आणि मार्च १८९३ मध्ये कॉलेजातल्या मुलींचा पहिला सामना झाला, तोही पुरुषांना दाराबाहेर ठेवून. बेरेन्सनबाईंनी मुलींसाठी मैदानाचे तीन भाग केले (पुढे त्यांचे दोन झाले), चेंडू हिसकावायला बंदी केली, चेंडू हातात ठेवायची आणि आपटायची मर्यादा घातली. त्या काळच्या डॉक्टरांना आणि शिक्षकांना धास्ती होती, की धावाधाव केली तर बायकांच्या नाजूक शरीराला इजा होईल. नियमांची मुळं त्या भीतीत आहेत. तरीही मी बेरेन्सनबाईंना दोष देणार नाही. त्यांनी त्या चौकटीत मुलींच्या हातात चेंडू दिला, आणि तेव्हा दुसरं कुणी देत नव्हतं.

पुढे शहरांतल्या शाळांनी मुलींच्या स्पर्धा हळूहळू बंद केल्या. मुलींनी आपापसात हसतखेळत व्यायाम करावा, चुरस नको, गर्दी नको, असं शारीरिक शिक्षणातल्या मोठ्या लोकांचं मत पडलं. आयोवात १९२० मध्ये ड्रेक विद्यापीठात मुलींची पहिली राज्य स्पर्धा झाली आणि करेक्शनव्हिल नावाच्या छोट्या गावाने ती जिंकली. पाचच वर्षांनी, १९२५ मध्ये, राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेने मुलींच्या स्पर्धेतून अंग काढून घ्यायचं ठरवलं. मिस्टिक या कोळशाच्या खाणींच्या गावातले जॉन एगन्स सभेत उठले आणि त्यांनी बजावलं, की हा खेळ बंद करायला जाल तर तो तुम्हालाच तुडवून पुढे जाईल. सभेने ऐकलं नाही. मग खेड्यांतल्या शाळाप्रमुखांनी एकत्र येऊन मुलींसाठी वेगळी संघटना काढली, आयोवा गर्ल्स हायस्कूल अ‍ॅथलेटिक युनियन. ती आजही आहे.

खेड्यांनीच हे का केलं? शेजारच्या बाईंचं उत्तर साधं आहे. त्यांचे वडील म्हणायचे, जी पोरगी पहाटे गोठा साफ करते आणि उन्हाळ्यात गवताच्या पेंढ्या गाडीवर चढवते, तिला चेंडूने काय होणार आहे! मुली नाजूक असतात हे शेतकऱ्याला कुणी पटवूच शकलं नसतं. शिवाय छोट्या शाळेत दुसरा मोठा खेळ परवडत नव्हता. आणि हिवाळा लांब होता. गावात चर्च, एक दुकान, धान्याची कोठारं आणि शाळेची जिम. शुक्रवारी संध्याकाळी माणसं जाणार तरी कुठे? पण सोय होती म्हणून गर्दी जमली, एवढ्यावर मला थांबता येत नाही. सोय मुलांच्या सामन्याचीही होती. लोकांनी मुलींचा खेळ निवडला, त्याचे बारकावे शिकले, आपल्या पोरींची नावं लक्षात ठेवली.

१९५० आणि ६० च्या दशकांत शाळा एकत्र करायची लाट आली. दोन गावांची मिळून एक शाळा, म्हणून नावंही जोडगोळीची: युनियन-व्हिटन, एल्क हॉर्न-किंबलटन. बाईंच्या गावची शाळा शेजारच्या गावात मिसळली तेव्हा मोठ्यांमध्ये बरीच धुसफूस झाली. पहिल्या वर्षी दोन गावांची माणसं जिमच्या दोन बाजूंना बसायची. संघ जिंकू लागल्यावर कुणी कुठे बसायचं याचं भान राहिलं नाही, असं बाई सांगतात.

मोसमाचा कळस डे मॉइनच्या व्हेटरन्स ऑडिटोरियममध्ये व्हायचा. सोळा संघ, आठवडाभर सामने, अंतिम रात्री पंधरा हजारांच्या आसपास माणसं, आणि शेजारच्या राज्यांपर्यंत टीव्हीवर थेट प्रक्षेपण. १९५४ पासून मुलींच्या संघटनेचा कारभार पाहणारे ई. वेन कूली यांनी या स्पर्धेला उत्सवाचं रूप दिलं होतं. वाद्यवृंद, दिव्यांचे झोत, विजेत्या मुलींची मिरवणूक. मध्यंतरात काळे सूट घातलेले पुरुष संगीताच्या तालावर मैदान झाडायचे. शाळकरी पोरींच्या पायांखालची लाकडी फरशी स्वच्छ राहावी म्हणून पुरुषांनी उंची पोशाखात झाडू हातात घ्यायचा, हे १९६० च्या दशकात आणखी कुठे दिसलं असेल? आईने हे मला दोनदा सांगायला लावलं.

बाईंचा संघ त्या सोळांत पोचला नाही. फेब्रुवारीतच हरला. दुसऱ्या दिवशी गणवेश धुऊन, इस्त्री करून त्यांनी शाळेत परत दिला. पण १६ मार्च १९६८ च्या शनिवारी त्या वडिलांबरोबर अंतिम सामना बघायला गेल्या. युनियन-व्हिटनची डेनीस लाँग आणि एव्हर्लीची जीनेट ओल्सन. डेनीसने त्याच मोसमात डाऊसच्या शाळेविरुद्ध एका सामन्यात १११ गुण केले होते. सामना जादा वेळेत गेला. युनियन-व्हिटन ११३, एव्हर्ली १०७. डेनीसचे ६४, जीनेटचे ७६. ज्या मुलीने जास्त गुण केले ती हरली. आणि या दोघी रात्रभर एकमेकींसमोर एकदाही आल्या नाहीत, कारण दोघी फॉरवर्ड, दोघींची अर्धी वेगळी.

आयोवातल्या माणसांना हे आकडे तोंडपाठ असतात. बाई मात्र त्या रात्रीचं वर्णन करताना बास्केटपाशी उभ्या असलेल्या दुसऱ्या मुलींबद्दल बोलतात. चौसष्ट आणि शहात्तर गुण डोळ्यांदेखत होत असताना ज्या गार्ड शेवटच्या मिनिटापर्यंत हात वर करून उड्या मारत राहिल्या, त्यांच्याबद्दल. पाय जड झालेत, चार फाऊल नावावर आहेत, पाचवा झाला की बाहेर. अशा वेळी किती जवळ जायचं आणि कुठे हात आवरायचा, हे बाईंनी आमच्या स्वयंपाकघरात खुर्ची बाजूला सारून करून दाखवलं. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून त्या एका बाजूला सरकल्या तेव्हा मला त्यांच्यातली सतरा वर्षांची मुलगी दिसली, आणि आईलाही. आई लगेच पदर खोचून उठली आणि खांबाजवळ सूर मारण्याआधी शरीर कसं झुकवायचं ते तिने दाखवलं. बाळ झोपलं होतं. दोघी हळू आवाजात, पण पुऱ्या ताकदीने खेळत होत्या.

पुढच्या वर्षी, १९६९ मध्ये, सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्स या पुरुषांच्या व्यावसायिक संघाने डेनीस लाँगचं नाव खेळाडू निवडीच्या तेराव्या फेरीत घेतलं. लीगने ती निवड रद्द केली. हे नोंदवायला हवं, कारण राज्यभर नाव गाजलेल्या मुलीपुढेही शाळा संपल्यावर खेळाची खरीखुरी वाट नव्हती. शेजारच्या बाईंसाठी तर नव्हतीच. त्यांचं एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं. त्या काळात लग्न झालेल्या मुलीला शालेय संघातूनही खेळता येत नसे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तो नियम कोर्टात गेला. आईची गोष्ट वेगळी नाही. मॅट्रिकच्या वर्षी तिचा संघ जिल्ह्यापर्यंत गेला. त्या उन्हाळ्यात लग्न ठरलं. सासरी कुणी मनाई केली नाही, कारण कुणी विचारलंच नाही. तू काय खेळायचीस, हा प्रश्न आईला मीसुद्धा त्या हिवाळ्याआधी नीट विचारला नव्हता.

मग तो सहाजणींचा खेळ गेला कसा? १९७२ मध्ये टायटल नाइन हा कायदा आला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांनी मुलींना मुलांच्या बरोबरीने संधी द्यायची. कॉलेजांत मुलींचे संघ उभे राहिले, शिष्यवृत्त्या आल्या, आणि तिथे पाचजणींचा, पूर्ण मैदानाचा खेळ. आयोवाच्या मुली तिथे मागे पडू लागल्या, त्यातही गार्ड. जिने कधी बास्केट केलीच नाही तिला कॉलेज कशाच्या आधारावर घेणार? १९८३ मध्ये काही मुली कोर्टात गेल्या. त्यानंतर मोठ्या शाळांना पाचजणींचा खेळ खुला झाला. काही वर्षं दोन्ही प्रकार शेजारी शेजारी चालले. मार्च १९९३ मध्ये सहाजणींची शेवटची राज्य स्पर्धा हबर्ड-रॅडक्लिफने जिंकली. ओक्लाहोमात हा खेळ आणखी दोन वर्षं टिकला, मग तिथूनही गेला.

इथली पुष्कळ वडीलधारी माणसं आजही म्हणतात, की तो मोडायला नको होता. बाईंचं तसं मत नाही. “मला पळायचं होतं,” एवढंच त्या म्हणतात. मीही त्यांच्या बाजूची आहे. ज्या नियमाचा पाया मुलीचं शरीर अर्ध्याच मैदानाच्या लायकीचं आहे हा समज, तो नियम कितीही देखणा खेळ घडवत असला तरी जायलाच हवा होता. पण त्या नियमाबरोबर जे उभं राहिलं ते सगळं त्याच्याबरोबर मोडलं नाही, हे मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. आयोवात मुलींचा खेळ बघायला जाणं ही लोकांची सवय झाली होती, आणि ती आजीकडून नातीकडे गेली. ३ फेब्रुवारी १९८५ ला आयोवा विद्यापीठाच्या मुलींचा ओहायो स्टेटशी सामना होता. व्हिव्हियन स्ट्रिंगर तेव्हा आयोवाच्या कोच. बर्फाच्या दिवसांत २२,१५७ माणसं आली. आज त्याच संघाच्या कोच असलेल्या जॅन जेन्सन एल्क हॉर्न-किंबलटनच्या शाळेत सहाजणींचा खेळ खेळून मोठ्या झाल्या आणि त्यांची आजी १९२१ च्या विजेत्या ऑडुबॉन संघातली.

१५ फेब्रुवारी २०२४ ची रात्र. डे मॉइनच्या उपनगरातली केटलिन क्लार्क मिशिगनविरुद्ध खेळत होती आणि राष्ट्रीय कॉलेज क्रीडा संघटनेच्या (एनसीएए) मुलींच्या बास्केटबॉलमधला एकूण गुणांचा विक्रम तिच्या टप्प्यात होता. आम्ही तिघी टीव्हीसमोर होतो. सामना सुरू होऊन दोन-तीन मिनिटांत तिने मैदानाच्या जवळजवळ मध्यातून चेंडू फेकला आणि विक्रम मोडला. त्या रात्री तिने ४९ गुण केले. बाई आनंदल्या, पण त्यांचं लक्ष तिच्यासमोर हात वर करून उभ्या असलेल्या मुलीवर होतं. “ती जवळ जायला घाबरते आहे,” त्या म्हणाल्या. आई कॅमेरा फिरेल तशी गर्दी बघत होती. टोप्या घातलेले म्हातारे शेतकरी, नातवंडांना खांद्यावर घेतलेले बाप, पांढऱ्या केसांच्या बायकांच्या रांगाच्या रांगा. थोड्या वेळाने ती मला म्हणाली, “आमच्या जिल्ह्याच्या फायनलला दोन शाळांचे मास्तर होते, आणि एसटी स्टँडवरून चालत आलेली चार पोरं.”

तिच्या त्या वाक्याने मला जेवढं अस्वस्थ केलं, तेवढं वहीतल्या कुठल्याच कात्रणाने केलं नाही. महाराष्ट्राला खेळाडू मुलींची वाण कधीच नव्हती. धाराशिवची सारिका काळे २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या खो-खो संघाची कर्णधार होती आणि २०२० चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार प्रियांका इंगळे महाराष्ट्राची. पुण्याची शिरीन लिमये भारतीय बास्केटबॉल संघाची कर्णधार राहिली आहे. विश्वचषक जिंकल्यावर मिरवणुका निघतात, त्या निघाव्यातच. पण ज्या मैदानांवर या मुली घडतात तिथल्या तालुका आणि जिल्हा पातळीच्या सामन्यांना अजूनही मास्तर, दोन-चार पालक आणि पुढच्या सामन्याची वाट बघणारा संघ, एवढीच माणसं असतात. पैसा, मैदान, बूट, खुराक हे प्रश्न खरे आहेत आणि ते सरकारपुढे मांडायलाच हवेत. बघायला जाण्यासाठी मात्र कुणाच्या मंजुरीची गरज नाही. आयोवाच्या खेड्यांनी पोरींना आधी प्रेक्षक दिले; कायदा पुष्कळ नंतर आला.

दिवाळीनंतर शालेय स्पर्धांचे दिवस येतात. तुमच्या गावात, तालुक्यात कुठेतरी मुलींचा खो-खो, कबड्डी, बास्केटबॉलचा सामना लागलेला असेल. तुमची मुलगी त्यात नसली तरी जा. घरच्या म्हाताऱ्या बाईला बरोबर न्या, आणि ती शाळेत काय खेळायची ते वाटेत विचारा. बास्केट करणारीचं नाव कळेलच. तिच्यापर्यंत चेंडू पोचवणारीचंही नाव विचारून घ्या, आणि सामना संपेपर्यंत बसा.